उचला त्याला!

माईक हातात घेण्याआधी ते चपला काढायचे. मैदान कुस्तीचं असो नाहीतर गल्लीतल्या कबड्डीचं, आधी चपला, मग घसा खाकरणं, मग माझ्याकडं वळून ठरलेला प्रश्न, "पोचतंय न्हवं कागलपातूर?" माझा स्पीकर भाड्यानं देण्याचा धंदा. मी मान हलवायचो. खरं तर त्यांच्या आवाजाला माझ्या स्पीकरची काही गरज नव्हती, पण धंद्यात असं बोलून चालत नाही.

अख्खा कसबा बावडा त्यांना मामा म्हणायचा. घरी दोन-तीन म्हशी. सकाळी दूध घालायचं, दुपारी फेटा बांधून मैदान गाठायचं. तुमच्याही गावच्या जत्रेत असा एखादा निवेदक तुम्ही पाहिला असेल, ज्याला पैलवानाचं आजोळसुद्धा पाठ असतं. आमचे मामा त्याच्या एक पाऊल पुढं. कुस्ती हरलेला पैलवान मान खाली घालून निघाला की ते त्याला थांबवायचे. "ह्यो पावणा शाहूवाडीच्या डोंगरातनं आलाय. टाळ्या वाजवा की! हात काय गहाण ठेवल्यासा?" मग टाळ्या पडायच्या आणि ते पोर जरा ताठ चालायला लागायचं.

जिंकलेल्याची गोष्ट वेगळी. त्याला खांद्यावर घेतल्याशिवाय आमच्याकडं कुस्ती संपत नाही. मामांनी माईकवरून "उचला त्याला!" म्हटलं की माणसं आखाड्यात घुसायची. त्याआधी कुणी हलायचं नाही. हा मान त्यांचा होता आणि तो त्यांना फार आवडायचा.

अशात देशभर फिरणाऱ्या एका मोटोक्रॉसची, म्हणजे मातीवरच्या मोटारसायकल स्पर्धेची, शेवटची फेरी आमच्याकडच्या माळावर ठरली. जेसीबीनं मातीचे उंचवटे रचले, वळणं काढली, कडेनं बांबू बांधले. स्पीकर माझे. पण बाहेरून आणलेला निवेदक इंग्रजीत बोलायचा आणि सरावाला जमलेली माणसं व्याख्यानाला बसल्यासारखी गप्प. आयोजक वैतागले. मी मामांचं नाव सुचवलं.

मामांनी येऊन आधी चिमूटभर माती उचलली, वास घेतला. "आखाड्यासारखं ताक न्हाय, हळद न्हाय, तेल न्हाय. नुसती माती. पोरं पडली तर लागणार की रं." मग प्रत्येक गाडीपाशी जाऊन चौकशी सुरू. केरळचं एक पोर एकटंच चेनला तेल घालत बसलं होतं. मामांनी आपल्या हिंदीत विचारलं, "तालीम कौनसी तुमची?"

पोर हसलं. "तालीम नहीं अंकल. मम्मी है. बस."

एवढ्यावर त्यांची गट्टी जमली. वर्षभराच्या गुणांत ते पोर सगळ्यांच्या पुढं होतं. उद्याची शर्यत त्यानं नुसती पूर्ण केली, अगदी रमतगमत केली, तरी देशाचं विजेतेपद त्याचं. मामांनी मला दोनदा विचारून खात्री करून घेतली. "म्हंजे उद्या पडायचं न्हाय, एवढंच काम हाय त्याला. पावणा हाय बाबा. आपल्या गावातनं ट्रॉफी घिऊन जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी मामा असे बोलले की गाड्यांचा आवाज फिका पडला. गाडी हवेत उडाली की "गेला, गेला!" आणि टेकली की "बसला!" माणसं उभी राहून ओरडत होती. शेवटच्या शर्यतीत आपल्या कागलचा एक पोरगा सगळ्यांच्या पुढं निघाला. केरळचा तिसरा, सांभाळून चालवत होता. मामांनी त्याचंही कौतुक केलं.

कागलचा पोरगा शेवटच्या उंचवट्यावरून उडून आला आणि शेवटच्या रेषेवर चौकटीचा झेंडा हलला. पुढं जाऊन त्यानं गाडी थांबवली, हेल्मेट काढलं. आणि मामांच्या तोंडून आयुष्यभराच्या सवयीनं शब्द गेले, "काय बघतायसा! उचला त्याला!"

पहिला आला म्हणजे कुस्ती चितपट झाली, असं मामांना वाटलं. आम्हा सगळ्यांनाच वाटलं. मागच्या गाड्या अजून यायच्या होत्या. माणसं बांबू ओलांडून धावली. उंचवट्याच्या पलीकडून येणाऱ्याला अलीकडचं काही दिसत नाही. केरळचं पोर हवेत आलं तेव्हा त्याला खाली गाडीसाठी जागा दिसलीच नाही, नुसती माणसं दिसली. त्यानं गाडी बाजूला फेकली आणि स्वतः बांबूंवर जाऊन आदळलं. एकाही माणसाला खरचटलं नाही. त्याच्या मांडीचं हाड मोडलं.

शर्यत त्याची अपुरी राहिली. ट्रॉफी दुसऱ्याला गेली.

मामांना कुणी बोल लावला नाही. आयोजक म्हणाले, गर्दी बेशिस्त. गर्दी म्हणाली, बांबू कच्चे. उलट त्या घोषणेचा व्हिडिओ मोबाईलवर फिरला आणि दूध घालायच्या कट्ट्यावर लोक मामांची पाठ थोपटू लागले. "काय आवाज लावलासा मामा!" मामा किटली उचलून घरी निघून जायचे. तो व्हिडिओ मी एकदाच पाहिला. त्यातली शिट्टी, तो जल्लोष आपल्या गावाचा आहे, याची मला इतकी लाज वाटली की मी फोन उलटा ठेवला.

मी मामांबरोबर दवाखान्यात गेलो होतो. पोराला मराठी कळत नव्हती, माईकवरून काय सांगितलं गेलं ते त्याला ठाऊक नव्हतं. मामांना बघून तेच म्हणालं, "अंकल, माइकपे आप थे ना? बहुत अच्छा बोलते हो."

मामा पलंगाची कड धरून उभे राहिले. "मैंनेच बुलाया उनको. उठाव बोला. मेरे बोलनेसे आये सब."

पोरानं तोंड भिंतीकडं वळवलं.

त्याची आई आली. मामा तिला स्टेशनवरून थेट घरी घेऊन गेले. मामींच्या हातचा भात खाऊन ती रोज दवाखान्यात जायची. पोरानं तिला काहीच सांगितलं नव्हतं. परक्या गावात एवढं करणारी माणसं भेटली, म्हणून ती रोज मामांना हात जोडायची. मामा मला म्हणाले, "तिनं एक कानफटात मारली असती तर बरं झालं असतं. पावणा घरी आला आन् आपण त्याचा पाय मोडला. वर त्याच्या आयकडनं पाया पडून घेतोय."

"मग सांगून टाका की मामा."

"तोंड उघडतो रं. आवाज येत न्हाय."

जाताना तिनं स्टेशनवर मामांचा हात आपल्या डोळ्यांना लावला. पोर व्हीलचेअरवरून बघत होतं. तेव्हाही त्यानं सांगितलं नाही, आणि मामांनीही नाही. गाडी सुटल्यावर मामा बाकावर बसले आणि फेटा सोडून मांडीवर ठेवला.

पुढच्या वर्षी स्पर्धा परत माळावर आली. ते पोर आलं नव्हतं. पायात सळई आहे, डॉक्टर नको म्हणतात, असं कुणीतरी सांगितलं. माईकसाठी मामांना निरोप गेला. ते आले, पण बांबूपाशी उभं राहायचं काम मागून घेतलं. शर्यत संपत आली तशी माणसं रेटत थेट त्यांच्या छातीवर आली. "सोडा की मामा! आपलाच पोरगा पहिला आलाय!" दोन्ही हात पसरून, शर्यतीकडं पाठ करून मामा उभे होते. एकेक करत सगळ्या गाड्या त्यांच्या मागून गेल्या. शेवटची गेली, इंजिनं बंद झाली, माणसं घरी निघाली, तरी त्यांचे हात तसेच. मग मीच जाऊन एक हात धरला आणि खाली घेतला.