माती चाखणारा साडू

बीदर ते गुलबर्गा या टापूत माझ्या साडूइतका धोकादायक वाटाड्या दुसरा झाला नाही, हे मी एक शाळामास्तर म्हणून पूर्ण जबाबदारीने लिहितो. माझ्या पत्नीच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा. गाव खटकचिंचोळी, नोकरी बीदरला जमीनमोजणीच्या कचेरीत. आमचा मुलूख म्हैसूर राज्यात गेला आणि कचेरीतले कागद हळूहळू कन्नडात येऊ लागले, तेव्हा बाकीचे कारकून भाषा शिकले. हा माती खायला शिकला. चांदी जडवलेल्या बिदरी भांड्यांना जो गडद काळा रंग चढतो तो किल्ल्यातल्या जुन्या मातीने, आणि वर्षानुवर्षे ऊनपाऊस न लागलेली ती माती कारागीर जिभेवर ठेवूनच पारखतात. अशाच एका वृद्ध कारागिराच्या दुकानात साडू दुपारी बसत असे. त्या म्हाताऱ्याने एकदा चिमूटभर माती त्याच्या जिभेवर ठेवली आणि विचारले, "बोलो साब, क्या बोलती?" त्या दिवसापासून प्रत्येक माती साडूशी बोलू लागली आणि आम्हा नातेवाइकांचे स्वास्थ्य संपले.

पाहुणे आले की शहाणी माणसे त्यांना किल्ल्याचा दरवाजा दाखवून घरी आणतात. हा त्यांना अष्टूरला नेई, वीज पडून उभा फाटलेल्या सुलतानाच्या घुमटाकडे, आणि नेमका उरलेल्या अर्ध्या भागाखाली शिदोरी सोडी. शिदोरीत कडक भाकरी आणि चिंचेच्या कोवळ्या पाल्याची चटणी. पुण्याहून आलेल्या माझ्या थोरल्या मेहुणीने पहिला घास घेतला तोच हा वर पाहत म्हणाला, "बिगीबिगी जेवा अक्का, ह्यो अर्धा पडायचा ऱ्हायलाय अजून." तिने भाकरी हातातच धरून बसस्थानक गाठले. येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येला, आमच्याकडे शेतात जेवण असते. मिश्र भाज्यांची भज्जी आणि आंबील पानात पडण्यापूर्वी हा यजमानाच्या बांधावरची माती चाखी. एकदा तो इतकेच म्हणाला, "माती जरा उदास हाय, अण्णा." यजमान त्या दिवशी जेवला नाही, आणि पुढल्या वर्षी आम्हाला बोलावणे नव्हते. गाणगापूरच्या भस्माच्या डोंगरावर मात्र त्याने बोट जिभेला लावले आणि लगेच पुसले. "हितं जिभेचं काम न्हाई," असे म्हणून त्याने हात जोडले. त्याचे ते हात जोडणे मला भाषणांपेक्षा अधिक घाबरवून गेले.

पण खरे भय मला त्याने शहराबाहेरच्या सुरंगबावीत दाखवले. जुन्या राजांनी जांभ्या दगडात जमिनीखालून पाण्याचा बोगदा खणला आहे. त्यावर ठरावीक अंतराने विहिरीसारखी तोंडे आहेत. त्यांतून उजेड उतरतो. आम्ही उन्हाळ्यातल्या दुपारी आत शिरलो. पाणी गुडघ्यापर्यंत. पहिली तीन तोंडे उघडी होती. चौथे गावच्या कचऱ्याने बुजले होते, पाचवेही. त्यानंतर मी मोजणे थांबवले, कारण मोजण्यासारखा उजेडच नव्हता. मग त्याच्या हातातील बॅटरी लाल झाली आणि विझली. मागे वळलो तर एकाच्या ठिकाणी दोन वाटा लागल्या. वरून वटवाघळे गेली. कुठेतरी पाणी टपकत होते आणि तो आवाज दोन्ही बाजूंनी येत होता. मला भीती वाटली नाही, असे मी आजवर सर्वांना सांगत आलो आहे.

"भ्यायलात काय गुरुजी?"

"नाही."

"मग माजा सदरा कामून वढायलात?"

मी सदरा सोडला नाही. त्याने हात भिंतीवर फिरवल्याचा आवाज आला, मग जिभेचा. "ही माती बंद हाय," तो म्हणाला. दुसऱ्या वाटेची चाखली. "हिला वारा लागलाय. हितनं वाट हाय, गुरुजी. चला." आम्ही चाललो. त्याने पुन्हा तीनदा माती चाखली आणि तिन्ही वेळा तेच वाक्य ठामपणे म्हटले. शेवटी समोर नाण्याएवढा उजेड दिसला, तो वाढत गेला, आणि मी वर येऊन बाभळीखाली बसलो. मी त्याला म्हणालो, "तुझ्या जिभेने वाचवले." कौतुकाचे एवढे मोठे वाक्य मी विद्यार्थ्यांनाही कधी ऐकवले नव्हते. तो खाली मान घालून धोतर पिळत राहिला.

पुढे बऱ्याच वर्षांनी त्या जिभेवरच गाठ आली. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितले, जीभ काढावी लागेल. शस्त्रक्रियेच्या सकाळी मी त्याच्याजवळ बसलो होतो. त्याच्या सांगण्यावरून किल्ल्यातली माती कागदात बांधून नेली होती. पुडी हातात घेऊन तो म्हणाला, "एक सांगायचं ऱ्हायलंय गुरुजी. त्या सुरंगीत मला कशाचीच चव आली न्हवती. भ्यालो की माजी जीभ वाळतीया, लाकडावानी. वाळल्या जिभेला काय कळतंय?"

"मग वाट?"

"न्हवतीच ठावं. तुमी मागून सदरा धरलता. कायतरी म्हणावं लागतंय की."

परिचारिका दारात येऊन उभी राहिली. त्याने घाईने चिमूट जिभेवर ठेवली. त्याचे ओठ कोरडे पडले होते आणि जीभ टाळूला चिकटत होती. मला ते स्पष्ट दिसत होते. "वारा लागलाय हिला," तो म्हणाला. "हितनं वाट हाय." मी त्याच्या सदऱ्याचे टोक धरले. त्याला निजवलेली चाकांची गाडी दारापर्यंत गेली तेव्हा ते सोडावे लागले.

तो वाचला. बोलणे मात्र संपले. खाणे पेज आणि दूध. आता येळवशीला त्याच्या शेतात आम्ही दोघेच आधी बांधावर जातो. तो चिमूट उचलतो आणि माझ्यापुढे धरतो. मी ती जिभेवर ठेवतो. इतक्या वर्षांत मला एका मातीची चव दुसरीहून निराळी लागलेली नाही. सगळी खरखरीत आणि किंचित तुरट. तो माझ्या तोंडाकडे पाहत उभा असतो.

"वारा लागलाय," मी सांगतो. "इथून वाट आहे."

तो मान डोलावतो. मग आम्ही जेवायला जातो.