मी निवडलेला लाल डबा

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच तुम्हाला सांगता येतंय. शेलूबाजारात हे मी कुणाच्याही कानावर घातलेलं नाही. बायकोला माहीत नाही, मुलाला नाही. एकदा देवळाच्या पायरीवर बसून मनातल्या मनात म्हणून पाहिलं — तेही अर्धंच झालं. मध्येच चप्पल कुठे काढली ते आठवत बसलो.

गोष्ट ऐकायला अगदी क्षुल्लक आहे. एका घरच्या कॉम्प्युटरसाठी ग्राफिक्स कार्ड घ्यायचं होतं. कंपन्या दोन — एकीचा डबा हिरवा, दुसरीचा लाल. मी लाल घ्यायला लावला. एवढंच. पण एवढंच असतं तर सात वर्षांनी हे सांगायला बसलो असतो का?

आधी मी कोण, ते सांगतो. हायवेला लागून माझं दुकान आहे. खाली फॉर्म भरणं, झेरॉक्स, दुरुस्ती. वर कॉम्प्युटरचा क्लास. सगळे मला सर म्हणतात. मी कधी शाळेत शिकवलं नाही, पण क्लास काढला आणि सर झालो. वासरात लंगडी गाय शहाणी, त्यातला प्रकार. कुणाला प्रिंटर घ्यायचा असला, पोराला लॅपटॉप घ्यायचा असला, की लोक माझ्याकडे येतात. रिठदहून फोन येतो, कामरगावहून येतो. सल्ल्याचे मी पैसे घेत नाही. लोकांना तो माझा मोठेपणा वाटतो. खरं सांगू? पैसे घेतले की सल्ला चुकल्यावर माणूस भांडायला येतो. फुकटच्या सल्ल्याला नुसता मान मिळतो, आणि मला मानच हवा होता.

पैसे नाहीत, पण वानोळा येतो. आमच्याकडे भाजीचा पहिला तोडा निघाला, की बाजारात नेण्याआधी चार घरी थोडा थोडा वाटतात. नातेवाईक, शेजारी, आणि ज्याचे उपकार मानले तो. देवरावभाऊंच्या मळ्यातला वानोळा माझ्या घरी दर हंगामाला येतो. भेंडी, वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर. सात वर्षांत एकदाही चुकला नाही.

देवरावभाऊ म्हणजे त्या मुलीचे वडील.

मुलीचं नाव प्रणाली. (खरं नाव हे नाही. तेवढी तरी लाज ठेवतो.) माझ्या क्लासची विद्यार्थिनी, एकोणीस वर्षांची. सकाळी मळ्यात भेंडी तोडायची आणि अकराला क्लासला यायची. भेंडीच्या लवेनं बोटं खाजायची, म्हणून हाताला खोबरेल लावून यायची, आणि माझे माउस तेलकट करायची. मी तिला त्यावरून चिडवायचो. इतर पोरं सर्टिफिकेटसाठी येत. ही मोबाइलवर बघून बघून घरांची चित्रं काढायला शिकली — न बांधलेल्या घराची खोली, खिडकी, खिडकीतून फरशीवर पडलेलं ऊन, सगळं खऱ्यासारखं. ते मी तिला शिकवलेलं नव्हतं. मला ते येतच नव्हतं. हे वाक्य मी पहिल्यांदाच कुठे लिहितोय.

पुण्याच्या एका ऑफिसनं तिची चित्रं पाहून एक महिना घरूनच काम करून पाहा म्हणून सांगितलं. रोज एका खोलीचं चित्र पाठवायचं. जमलं तर कायम ठेवू. देवरावभाऊंनी मिरचीच्या पैशातून कॉम्प्युटर घ्यायचं कबूल केलं. मळ्यातल्या माणसानं मुलीसाठी कॉम्प्युटर घेणं ही आमच्याकडे साधी गोष्ट नव्हती. बायको पाठीशी होती म्हणून देवरावभाऊ तयार झाले. पण त्यांची एक अट होती — सर म्हणतील तेच घ्यायचं.

बाजाराचा दिवस होता. दुकानात सात-आठ माणसं बसलेली. बापलेक आले. मी ऐटीत सांगायला लागलो, की सारख्याच किमतीत लाल कंपनी जास्त मेमरी देते, मग हिरवीला कशाला पैसे द्या. प्रणाली हळूच म्हणाली, "सर, मेमरीचं नाही ना. थ्या ऑफिसचं सॉफ्टवेअर लाल कंपनीचं कार्ड वळखतच नाही. हिरव्याचंच वळखते."

काही उद्धटपणा नव्हता. पण बाकावरचा एक जण म्हणाला, "घ्या. पोट्टीनं सराचाच क्लास घेतला." सगळे हसले. मीही हसलो, सगळ्यांत मोठ्यानं. देवरावभाऊ तेवढे हसले नाहीत. ते मुलीवर डोळे वटारून म्हणाले, "सराच्या मधात काहून बोलतं?" आणि घरी जाईपर्यंत ते तिला बोलत राहिले, असं नंतर कळलं.

आता इथे थांबून एक गोष्ट कबूल करायला हवी. कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की मला माहीत नव्हतं. माणूस आहे, सल्ला चुकतो. पण मला माहीत होतं — त्याच दिवशी, दुकान बंद करायच्या आधी मी त्या सॉफ्टवेअरचं पान उघडून वाचलं होतं. चालणाऱ्या कार्डांची यादी होती. सगळी हिरवी. दोनदा वाचली. मग पान बंद केलं आणि शटर ओढलं.

का? मलाही विचारावंसं वाटतं. कुणी लाच दिली नव्हती. लाल कंपनी माझी सासुरवाडी नव्हती. मला फक्त एका पोरीसमोर चुकायचं नव्हतं. मनात म्हटलं, काहीतरी खटपट करून चालेल. चालणार नव्हतं, तेही कळत होतं.

रविवारी देवरावभाऊ आणि मी अकोल्याला गेलो. प्रणालीला नेलं नाही. तोडा होता, आणि खरेदीला पोरीचं काय काम. तिनं वहीचं पान फाडून त्यावर कार्डाचं नाव लिहून दिलं होतं. देवरावभाऊंनी ते बसमध्ये माझ्या हातात ठेवलं. म्हणाले, "पाहा बॉ सर, इनं काय लिवलं तं. मले तं इंग्रजी येत नाही." मी वाचलं, घडी घातली आणि शर्टाच्या खिशात टाकलं. दोन दिवसांनी बायकोला धुण्यात त्याचा लगदा सापडला. खिसे पाहून टाकत जा, म्हणून ती मलाच रागावली.

दुकानदार भला माणूस होता. त्यानं विचारलं, काम काय आहे? मी म्हणालो, घरगुती, पोरंसोरं चालवतील. मग लाल चांगलं आहे, असं तो म्हणाला, आणि माझ्या उत्तराला त्याचं उत्तर बरोबरच होतं. देवरावभाऊ तेव्हा समोरच्या दुकानात स्प्रिंकलरचे नोझल बघायला गेले होते. तेवढ्यात दुकानदारानं आणखी एक सांगितलं — दहा दिवसांत काही अडचण वाटली तर डब्यासकट घेऊन या, बदलून देऊ.

हे फक्त मी ऐकलं.

तिसऱ्या दिवशी देवरावभाऊंचा फोन आला, पोरगी रडून राह्यली, येऊन पाहा. गेलो. ओसरीवर कॉम्प्युटर मांडला होता, त्याला हळदीकुंकू लावलेलं. प्रणालीनं सॉफ्टवेअर उघडून दाखवलं. कार्ड सापडलं नाही, असं पडद्यावर इंग्रजीत स्पष्ट लिहून येत होतं. कार्डाशिवाय एक चित्र व्हायला आख्खा दिवस लागत होता, आणि आमच्याकडची विजेची लाइन आख्खा दिवस राहते कुठे? तीनदा चित्र अर्ध्यावर गेलं होतं. तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिली. आपले सर वाचतील आणि वडिलांना सांगतील, असं तिला वाटत होतं. वाटणारच. तिथे ती ओळ वाचता येणारी आम्ही दोघंच होतो.

देवरावभाऊंनी विचारलं, "काय बिघडलं सर?"

मी चहाचा कप खाली ठेवला. म्हणालो, "मशीनमदी काहीच दोष नाही भाऊ. पोरीले अजून येत नाही."

प्रणालीनं तोंड उघडलं होतं. "सर, हे तं—" एवढं म्हणाली. वडिलांनी नुसता हात वर केला. घरी बोलावलेल्या माणसाला मुलीनं खोटं पाडायचं नसतं. मग ती काय बोलणार? तिनं पडद्यावरचं बोट काढून घेतलं. तिची आई दाराशी उभी होती, ती तशीच आत गेली.

तुम्हाला वाटेल, हाच तो गुन्हा. मीही बरीच वर्षं इथपर्यंतच आठवायचो. याच्या पुढचं आठवायचं नाही, अशी सवयच लावून घेतली होती. पुढचं असं आहे.

पाचव्या दिवशी भर दुपारी ती दुकानात आली. एकटी. खताच्या रिकाम्या पोत्यात लाल डबा गुंडाळून आणलेला. कार्ड स्वतःच काढून, नीट पॅक केलं होतं, आतला फोमसुद्धा जागच्या जागी. दुकानात कुणी नव्हतं. बाकावर हसणारं कुणी नव्हतं. तिनं माझी चूकही काढली नाही. इतकंच म्हणाली, "सर, हे बदलून भेटते का? तुमी फोन केला तं देईन तो. बाबाले मी काही सांगत नाही."

ऐकलंत? बाबाले मी काही सांगत नाही. माझी लाज झाकायची तयारी करून आली होती ती. दहातले पाच दिवस उरले होते. एक फोन करायचा होता, आणि अकोल्याची एक फेरी. कुणाला कळलंही नसतं.

मी म्हणालो, "उघडलेला डबा बदलून देत नाहीत."

हा तो गुन्हा. बाकीचं सगळं अहंकार म्हणून खपलं असतं. हे मी थंड डोक्यानं केलं. बहुतेक तिचा तो समजूतदारपणाच मला सहन झाला नाही. डबा घेतला असता तर ती बरोबर होती हे मलाच मान्य करावं लागलं असतं. दुसऱ्या कुणाला नाही, मला.

तिनं पोतं पुन्हा गुंडाळलं. "बरं सर," म्हणाली, आणि गेली.

महिना भरायच्या आधीच पुण्याच्या ऑफिसनं नको म्हणून कळवलं. कॉम्प्युटर तिच्या भावाकडे गेला. तो त्याच्यावर गेम खेळतो, आणि ते लाल कार्ड आजही बिनतक्रार चालतं. त्यात दोष नव्हताच. मशीन चांगली आहे हे माझं बोलणं घरात खरं ठरलं, आणि त्याबरोबर दुसरंही. तिला पुढे कॉलेजचा एक कोर्स करायचा होता, तेव्हा देवरावभाऊ म्हणाले, सरानं सांगतलं ना तुले येत नाही म्हणून. मोबाइल नवीन मागितला तेव्हाही तेच. देवरावभाऊंना त्यात वाईट काही वाटत नव्हतं. वाया जाणाऱ्या खर्चातून सरांनी वाचवलं, असं ते चारचौघांत सांगतात. म्हणून तर वानोळा येतो.

प्रणाली सात वर्षं आठवडी बाजारात भाजी घेऊन बसते. लग्न झालं, नवरा त्याच मळ्यात काम करतो. मी बाजारात दुसऱ्या गल्लीनं जातो.

मागच्या महिन्यात ती दुकानात आली. पंचायतीकडच्या एका कामासाठी फॉर्म भरायचा होता. मी भरत गेलो, ती शेजारी उभी राहून पडद्याकडे बघत होती. नाव, शिक्षण, पत्ता. मग रकाना आला — संगणक हाताळता येतो का, होय किंवा नाही. मी तिला न विचारता होय केलं. मनात म्हटलं, निदान एवढं तरी.

"सर, नाही करा थे," ती म्हणाली.

मी वळून पाहिलं. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी टोमणा शोधला, खरंच शोधला, सापडला असता तर सुटलो असतो. ती अगदी साधेपणानं, फॉर्म चुकू नये एवढ्याच काळजीनं सांगत होती. "मले कुठी येते? तुमीच तं सांगतलं होतं."

दुकानात तेव्हाही आम्ही दोघंच होतो. तेव्हाही बाकावर कुणी नव्हतं.

मी होय काढलं आणि नाही केलं. फॉर्म पाठवला. पावती छापून तिच्या हातात दिली. तिनं ती घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली आणि पिशवी काउंटरवर सरकवली. भेंडीचा पहिला तोडा होता, बाबांनी दिला म्हणाली. तिनंच तोडलेली असणार, बोटांना खोबरेलाचा वास येत होता. भेंडी कोवळी होती. बायकोनं त्याच दिवशी केली, आणि मी दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.