सोनईच्या डॉक्टरांनी यादी सोडली नव्हती

गावोगाव गाई-म्हशींवर इलाज करणाऱ्या आम्हा पदविकावाल्यांची ईमेल यादी मी चालवतो. व्हॉट्सॲपवर शुभ सकाळच्या फुलांत मागण्या बुडतात, म्हणून हट्टानं ईमेल. कोण आलं, कोण गेलं, याची सूचना माझ्या मोबाईलवर येते. कुणी गेलं की माझं डोकं फिरतं.

इलाजाचा हक्क मागायला नगरला शिष्टमंडळ न्यायचं होतं. चार दिवस आधी सूचना आली: सोनईचे डॉक्टर यादीतून बाहेर. आमच्यातले सगळ्यांत जुने. पशुसंवर्धन खात्याच्या साहेबांसमोर तेच बोलणार होते. फोन करायला हवा होता. केला नाही. पत्रकं लिहून हाताला सवय लागलेली. दहा मिनिटांत यादीवर मेल टाकला, 'ऐन वेळी पळणाऱ्यांनी आरशात तोंड पाहावं.' नावानिशी, ठळक अक्षरांत.

दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन. "काय रं, मी पळालो म्हनं? कुठं पळालो? हितं गाभण म्हशीपाशी उभा हाय!"

डोळ्यांना मोबाईल झेपत नाही, म्हणून ते यादीचा प्रत्येक मेल देवळाली प्रवरेच्या जावयाकडे छापायला धाडत. जावई वैतागला. तळाशी 'यादी सोडा' दिसलं, दाबलं. त्याला वाटलं, आपल्याकडे येणारे मेल थांबतील. नाव कटलं सासऱ्यांचं. आणि 'नक्की का?' असं न विचारता एका दाबात बाहेर काढणारी ती सोय मीच लावलेली! कुणाला अडवायचं नाही, हे माझं तत्त्व. वा रे तत्त्व! दार उघडं ठेवायचं आणि बाहेर पडणाऱ्याला शिव्या घालायच्या.

यादीवर माफी टाकली. दिवसभर जीव थाऱ्यावर नाही. त्यांचं उत्तर येईना. संध्याकाळी डोक्यात उजेड पडला. माफी त्यांना सोडून सगळ्यांना पोचली होती. ते यादीत होतेच कुठं?

सकाळी सोनई गाठली. डेअरीपुढं दूध घालायला आलेल्या लोकांत ते बसलेले. माफीचा मेल उघडून मोबाईल पुढं केला.

"मला दिसत न्हाई. वाच."

वाचलं.

"पुटपुटू नगं. मला पळपुटा म्हनलास तवा आवाज कसा हुता? तसा वाच."

लोक हसले. पुन्हा वाचलं, मोठ्यानं.

"डॉक्टर, नगरला येताय ना?"

"येनार की. पन साहेबापुढं तू तोंड उघडायचं न्हाई."

"बरं," म्हणालो. लई जड गेलं.