तळ्याच्या कडेनं

"आधी चेंडू कुठे पडायला नको, ते ठरवा. कुठे पडायला हवा, ते मग बघू."

असं म्हणून काका हातातली स्टिक उलटी धरायचे आणि तिच्या मुठीनं समोरचं एकेक संकट दाखवायचे. डावीकडे बाभळी. उजवीकडे चर. पुढे वाळूचा खड्डा. सगळी संकटं दाखवून झाली की मधे जी जागा उरायची, तिथे मारायचं. ती जागा बहुतेक वेळा फार जवळ असायची.

टीव्हीवर दिसतं तसं गोल्फचं हिरवंगार मैदान डोळ्यांपुढे आणू नका. आमचं मैदान गंगापूर धरणाच्या बाजूला आहे, नऊ होलचं, आणि मार्च संपला की ते तपकिरी पडतं. होल म्हणजे एक टप्पा. इथून मारायला सुरुवात करायची आणि पलीकडच्या खळग्यात चेंडू घालायचा, जमेल तितक्या कमी फटक्यांत. मी एका कारखान्यात कॉस्टिंग, म्हणजे मालाच्या खर्चाचा हिशेब, बघतो. मला शुगर निघाली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं, तेव्हा समोरच्या घरात राहणारे काका म्हणाले, "नुसते काय चालता? चला माझ्याबरोबर." पहिल्याच दिवशी मी माझे फटके स्वतःहून जास्त मोजले, कारण चेंडूला न लागता हवेतच फिरलेला फटकाही मोजतात, आणि तसा माझा एक त्यांच्या लक्षात आला नव्हता. तेव्हापासून ते मला 'हिशेबनीस' म्हणायला लागले.

प्रत्येक होलचं त्यांचं धोरण ठरलेलं होतं आणि ते कुणीही न विचारता सांगायचे. पहिला होल सरळ आहे, पण डावीकडे बाभळी. काका मुद्दाम उजव्या टोकाला मारायचे. अंतर वाढतं, असं मी एकदा म्हटलं. "वाढू द्या. बाभळीत शिरलात तर चार फटके जातात. शिवाय शर्ट." तिसऱ्याला खळग्याच्या अलीकडे वाळू, म्हणून तिथे एक नंबर मोठी, लांब मारणारी स्टिक. "फार तर मागे गवतात जाईल. गवताला कुणी घाबरतं का?" सातव्याला चढ आणि समोरून वारा, तिथे दोन फटक्यांत पोहोचायचा विचारसुद्धा करायचा नाही. नववा द्राक्षबागेला लागून, त्यामुळे तिथे बागेकडे चक्क पाठ करून उभं राहायचं, असं ते सांगायचे, आणि जवळजवळ तसेच उभे राहायचे.

पाचव्या होलला तळं आहे. तळ्यावरून एक चांगला फटका बसला की चेंडू थेट पलीकडे. काका कधीच वरून गेले नाहीत. काठाकाठानं दोन छोटे फटके, मग पलीकडे. तीनच्या जागी चार. "चार लिहिले की झोप लागते," म्हणायचे.

आमची स्टिकची पिशवी उचलणारा काशिनाथ त्यांना चिडवायचा. "काका, लय वर्षं झाली. एकदा वरून हाणा की. तळं काय खातंय का?"

"खातं. तू जे जुने चेंडू विकतोस, ते कुठून काढतोस?"

काशिनाथ पिशवी उचलून पुढे निघायचा.

रविवारी काकू पण यायच्या. छत्री घेऊन नऊच्या नऊ होल चालायच्या. खेळायच्या नाहीत, बोलायच्या. काका फटक्याआधी वाकून गवताचा कल बघायला लागले की त्या मला सांगायच्या, "मला बघायला आले तेव्हाही असंच. तीनदा येऊन गेले. आमच्या अण्णांना वाटलं, माणूस घर विकत घ्यायला आलाय."

"घेतलं ना शेवटी?" काका न वळता म्हणायचे.

"घेतलं. पण गच्ची तपासून."

त्या हसायच्या तेव्हा पुढच्या होलवरची माणसं वळून बघायची. मैदानावर शांतता पाळायची असते. काकूंना ते कुणी सांगितलं नाही, आणि सांगूही नये असंच सगळ्यांना वाटत असावं.

गेल्या दिवाळीनंतर काकूंचं डोकं दुखायला लागलं. चष्म्याचा नंबर झाला, पित्त झालं, शेवटी स्कॅन झाला. मेंदूतली एक रक्तवाहिनी फुग्यासारखी फुगली होती. डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले. एक, ऑपरेशन करून ती बंद करायची, त्यात धोका. दुसरा, रक्तदाब आवरून ठेवायचा, ठरावीक काळानं स्कॅन करायचा, आणि ती फुटणार नाही असं धरून चालायचं, त्यातही धोका. दोन्हींची टक्केवारी त्यांनी सांगितली. ती मी इथे लिहीत नाही. एकमेकांपासून फार लांब नव्हती, एवढं पुरे.

काकांनी मला हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये बोलावून घेतलं. खिशातलं पेन काढलं, उलटं धरलं आणि टेबलावर दाखवायला लागले. "हे बघा, इकडे हे. तिकडे ते." पेन बराच वेळ मधे थांबलं. "मधे जागाच नाही हो, हिशेबनीस."

त्यांनी पेन परत खिशात ठेवलं.

"मुलगी कॅनडाहून म्हणते, बाबा, तुम्ही ठरवा. डॉक्टर म्हणतात, तुम्ही ठरवा. तुमचा धंदा आकड्यांचा. तुम्ही सांगा. वरून की कडेनं?"

आकडे हा माझा धंदा खरा. हजार नगांमागे किती बाद होणार, हे मी सांगू शकतो आणि ते फारसं चुकत नाही. पण त्या हजारांतला समोरचा एक कुठला, हे मला कधीच सांगता आलेलं नाही. कारखान्यात ते कुणी विचारतही नाही. मी त्यांना तेच सांगितलं. ते ऐकून घेतलं त्यांनी, मान हलवली, पण त्याचा त्यांना काहीएक उपयोग नव्हता.

आम्ही वर गेलो. काकू पलंगावर बसून पेरू खात होत्या. आमचे चेहरे बघून म्हणाल्या, "झाली मीटिंग?"

"तुला काय वाटतं?" काकांनी विचारलं.

"मला विचाराल तर उरकून टाका एकदाचं. नाहीतर हे..." त्या माझ्याकडे वळल्या, "हे रोज सकाळी माझ्या नाकाखाली बोट धरून बघणार, चालू आहे की बंद. मला जिन्यावरून उतरू देणार नाहीत, हसू देणार नाहीत. तसं नाही जगायचं बाई मला." मग काकांना म्हणाल्या, "पण सही तुमची. मी आपली झोपणार."

काकांनी ऑपरेशनच्या कागदावर सही केली. आयुष्यात पहिल्यांदाच हा माणूस वरून गेला.

ऑपरेशन झालं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, वाहिनी व्यवस्थित बंद झाली. काकू वाचल्या. दोन दिवसांनी शुद्धीवर आल्या, तेव्हा उजवा हात उचलता येत नव्हता आणि बोलणं गेलं होतं. असं होऊ शकतं, हे आधी सांगितलेलं होतं. सुधारेल का, विचारलं तर म्हणाले, काहींचं सुधारतं. पुन्हा तोच प्रश्न: आमच्या काकू त्या काहींत की उरलेल्यांत?

काका मैदानावर यायचे थांबले. मी जातो, चालणं चुकवून चालत नाही. काशिनाथ रोज विचारायचा, "काकू कशा हायेत?" आणि मी रोज "आहेत" म्हणायचो. आताशा तो विचारत नाही. मी पाचव्याला कधी वरून मारतो, कधी कडेनं. दोन्हीकडे चेंडू पाण्यात जातो आणि वाचतोही. त्यातून काहीच निघत नाही.

मागच्या आठवड्यात त्यांच्याकडे गेलो होतो. काकूंना खिडकीशी खुर्चीत बसवलेलं होतं. काका त्यांची वेणी घालत होते. तीन पेड सारखे येत नव्हते, ते पुन्हा सोडून पुन्हा घालत होते. काकूंना आता एक शब्द येतो, असं त्यांनी मला दारातच सांगितलं होतं. बोलणं शिकवायला येणाऱ्या बाईंनी महिनाभर खपून तो आणला होता.

"बघा हं," काका म्हणाले आणि वाकून त्यांच्यासमोर बसले. "ओळखलंस का यांना?"

"हो," काकू म्हणाल्या. आवाज तोच, पूर्वीचा, स्वच्छ.

मला फार बरं वाटलं. ते माझ्या तोंडावर दिसलं असावं, कारण काकांनी माझ्याकडे न बघता पुढे विचारलं, "ऑपरेशन केलं ते बरोबर केलं ना गं?"

"हो."

"की चुकलं माझं?"

"हो."

दोन्ही 'हो' सारखेच होते. त्याच सुरात, त्याच चेहऱ्यानं. काका रोज विचारत असणार, हे मला कळलं. कदाचित उलटसुलट करूनही. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो. जे एकाच माणसानं सांगायचं, ते त्या माणसाला सांगता येत नव्हतं, आणि दुसऱ्या कुणी सांगून चालणार नव्हतं.

मग काकांनी त्यांच्या गुडघ्यावरची शाल सारखी केली.

"चहा टाकू?"

"हो."

काका लगेच उठले आणि स्वयंपाकघरात गेले.