पाड्याचं नाव मी गाळलं

आमच्या नाशिकच्या रुग्णवाहिका सेवेचा ऑनलाइन फॉर्म मीच बनवलाय. नाव, गाव, पाडा, तालुका या रकान्यांतली माहिती पीएचपी कोडने जोडून एका ओळीत ड्रायव्हरच्या मोबाईलवर पाठवायची. ओळ लांब होत होती, म्हणून मी पाडा गाळला. म्हटलं, गाव दिलंय ना, बास झालं.

आज दुपारी ड्रायव्हर सुरगाण्याहून परत आला. "साहेब, डिलिव्हरीची पेशंट होती. गावाला पाडे सात हायेत, अन् फोन लागत नव्हता. पाचव्या पाड्यावर सापडली, तोवर बाळ गेलं होतं."

मी डेटाबेस उघडला. तिच्या नवऱ्याने पाड्याचं नाव नीट भरलं होतं. पुढे लिहिलं होतं, 'शाळेमागचं घर'.

कोड सुधारायला मला एक मिनिट लागलं. तुमच्यापैकी कोणी सांगेल का, त्या बापासमोर मी कुठल्या तोंडाने उभा राहू?