मेणातली गाठ

केजच्या सहकारी दवाखान्यात आमच्या लॅबचे मामा दुष्काळात स्वतः बिनआंघोळीचे येत, पण तपासणीच्या काचा धुवायचं पाणी राखून ठेवत. कॅन्सर ओळखणाऱ्या अँटिबॉडीची नवी बाटली आली, की ती आधी कॅन्सरची खात्री झालेल्या जुन्या गाठीवर लावून बघायची. तपकिरी रंग आला, की बाटली चांगली. मामा दरवेळी मेणात जपलेल्या एकाच गाठीचा काप घेत आणि मायक्रोस्कोपला डोळा लावून पुटपुटत, "हायेस का?"

"कुणाची गाठ, मामा?" मी एकदा विचारलं.

"तुमच्या मामीची. जाऊन लई वर्सं झाली."

काल मामीच्या गाठीचा शेवटचाच काप उरला होता आणि नवी बाटली तपासायची राहिल्यामुळे आष्टीच्या एका ऊसतोड बाईची तपासणी अडली होती. मामांनी काप लावला. रंग आला.

"बाटली चांगली हाय. बाईचं घ्या," ते म्हणाले.

काल त्यांनी "हायेस का" विचारलं नाही.