दुकानातली पिल्लं

खुडूक बसलेल्या आमच्या कोंबडीची अंडी यंदा नासली, म्हणून आईने दुकानातून पिल्लं आणली. दुकानदार म्हणाला होता, सगळी गावरान आहेत. मला मात्र एकाचे पाय पिवळे दिसत होते, दुसऱ्याचे काळे, आणि एकाच्या मानेवर पिसंच नव्हती. मी मोबाइलवर फोटो बघून जाती जुळवत बसले.

“अगं बाई, तुझी तपासणी पुरे,” आई म्हणाली. “ही कोंबडी त्यांना जवळ घेते का टोचते, ते बघायचंय.”

तिने टोचून हाकललं असतं तर उबेवाचून पिल्लं जगली नसती. दिवेलागणीला आईने एकेक पिल्लू हळूच कोंबडीच्या पोटाखाली सरकवलं. ती मान वळवून बघत राहिली.

मला तालुक्याच्या गावातल्या, नात्यातल्या नसलेल्या काकू आठवल्या. कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहायला गेले, तेव्हा माझं आडनाव विचारायच्या आधी त्यांनी मला जेवायला वाढलं होतं. त्यांच्याच घरी राहून मी पदवीधर झाले.

कोंबडीने पंख पसरले आणि अंग फुगवून ती खाली बसली. पंखाआडून ते उघड्या मानेचं पिल्लू डोकावलं.

आईने हसून विचारलं, “मग, कुठल्या जातीची निघाली?”

“आपल्या कोंबडीची,” मी म्हणाले.